फुकटातलं रेसिंग आणि पाठीवरचं कुबड

माझ्याइतक्या स्वस्तात मोटारसायकलची रेस मारणारा माणूस अजून जन्माला यायचाय! हे मी गोदामात, गॅरेजमध्ये आणि घरी, सगळीकडे ठणकावून सांगितलं होतं. गोदामात कुणी ऐकलं नाही. गॅरेजमध्ये आमचा मेकॅनिक, ज्याला सगळे पान्हा म्हणतात, तो नुसता हसला. घरी बायकोने शिलाई मशीन थांबवून विचारलं, "स्वस्तात म्हणजे किती?"

"शून्य!" मी म्हणालो. "मोटारसायकल आहेच. पेट्रोल एरवीही भरतोच. हेल्मेट आहे, मी आहे. आणखी काय लागतं?"

"अक्कल," ती म्हणाली आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

आमचं शिलाई मशीन स्वयंपाकघरात असतं, कारण घराला बाहेरची खोली सोडली तर दुसरी खोलीच नाही. गॅस आणि मशीन यांच्यामध्ये एक स्टूल मावतं, तेही तिरकं. जेवणात दोरा निघाला तर आमच्याकडे ओरडत नाहीत, रंग बघतात आणि कुणाचं काम चाललंय ते ओळखतात. कंपनीने मला गोदामप्रमुख केलं की आवारातलं मोठं क्वार्टर मिळणार होतं. त्यातली एक अख्खी खोली बायकोची. तिने त्या खोलीच्या पडद्यांचं कापडसुद्धा आणून ठेवलं होतं, निळं, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं. नेमणूक सोमवारी जाहीर होणार होती. रेस रविवारी होती. दोन्ही माझ्या खिशात आहेत असं समजून मी शीळ घालत फिरत होतो!

आता हे हौशी रेसिंग म्हणजे काय थोतांड आहे ते ऐका. कुणी सांगत नाही, मी सांगतो. हौशी म्हणजे पगार नाही, बक्षीस नाही, आणि पडलात तर स्वतःला स्वतःच उचलायचं. पान्ह्याने आधी माझ्या गाडीचा दिवा काढला, आरसे काढले, नंबरप्लेट काढली, स्टँडही काढला. मग प्रत्येक बोल्टाला भोक पाडून त्यातून तार ओवली, का तर बोल्ट गळून पडू नये. गाडी लग्नातल्या नवरीसारखी तारांनी मढली! आणि या सगळ्याची मजुरी!

"अरे, काढण्याची कसली मजुरी?" मी किंचाळलो. "जोडलंस काय तू?"

"भाऊ, जोडणं कुणालाही येतं. काढायला माणूस लागतो," तो म्हणाला. "आणि सूट कुठाय?"

"कसला सूट?"

"चामड्याचा. त्याशिवाय ट्रॅकवर पाय ठेवू देत नाहीत."

"माझं जाड जॅकेट नाही चालणार?"

"चालेल की. प्रेताला काहीही चालतं."

मग पान्ह्याने एका माजी रेसरकडे नेलं. त्याने कपाटातून एक अखंड काळा सूट काढला. मानेपासून घोट्यापर्यंत एकच तुकडा, पुढे एकच लांब चेन, आत पाठीला कासवासारखं कडक कवच, आणि बाहेर, दोन खांद्यांच्या मधोमध, चक्क एक कुबड!

"हे काय?"

"वारा कापायला."

मी सूट चढवला. म्हणजे तिघांनी मिळून मला त्यात कोंबलं. उशीला लहान अभ्रा घालतात ना, तसं. चेन लागली आणि मी कमरेतून पुढे वाकलो तो वाकलोच. सरळ उभंच राहता येईना! हात गुडघ्यांपर्यंत लोंबले.

"गाडीवर वाकून बसायच्या मापाने शिवतात," माजी रेसर म्हणाला. "उभं राहायला नसतो हा."

"श्वास घ्यायला असतो का?"

"सुरुवातीला घट्टच असतो. वापरला की सैल होतो." हे वाक्य जगातल्या प्रत्येक भामट्याला पाठ असतं!

बदल्यात मी काय दिलं ते विचारू नका. आमच्या भिंतीवर बघा, जिथे टीव्हीच्या आकाराचा पांढरा चौकोन राहिलाय. बायकोला सांगितलं, दुरुस्तीला दिलाय. सूट गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे लपवला. शून्य खर्च! झाला का नाही?

शुक्रवारी ट्रॅकवर सराव होता. रजा हवी होती, म्हणून सकाळी साहेबांना फोन केला आणि कण्हत म्हणालो, "साहेब, कंबर धरलीय. हलताच येत नाही."

इथे माझी माती झाली. जुलाब म्हणायला हवं होतं! जुलाबवाल्याला कुणी भेटायला येत नाही. पण आमचे साहेब स्वतः कंबरेचे जुने रोगी. कंबरेला पट्टा, खुर्चीला गादी, खिशात मलम. कंबर दुखणारा माणूस दिसला की त्यांना हरवलेला भाऊ सापडल्यासारखं होतं. फोनवर ते कळवळलेच. "अरेरे! पडून राहा. पालथे झोपू नका. मी आहे!"

मी ट्रॅकवर गेलो. सराव कसा झाला म्हणता? पहिल्या वळणावर सगळे उजवीकडे वळले, मी विचार करत राहिलो. गवतात जाऊन आडवा झालो. हाडं शाबूत, पण उठलो तेव्हा कोपराजवळची शिवण उसवली होती आणि चेनच्या दातांत गवत, माती, काय काय गच्च बसलं होतं. तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, कुठे आहात?" बायको. "तुमचे साहेब येतायत, तुमची कंबर बघायला! तासाभरात पोचतो म्हणाले. तुमच्या कंबरेला काय झालंय?"

"काही नाही!"

"मग ते काय बघायला येतायत?"

"येऊन सांगतो!"

गाडीला ना दिवा ना नंबरप्लेट, रस्त्यावर नेणार कशी? ती पान्ह्याच्या टेम्पोत घातली, शेजारी मी. टेम्पो चालवता चालवता तो एका हाताने माझी चेन ओढत होता. समोरचे ड्रायव्हर आमच्याकडे कसे बघत होते ते मी लिहीत नाही.

"भाऊ, पोट आत घ्या."

"घेतलंय!"

"मग बाहेर काय आहे हे?"

त्याने पकड लावली आणि जोर केला. कट्! चेनचं टोक तुटून त्याच्या हातात आलं.

"आता कापावा लागेल," तो म्हणाला.

"खबरदार! रविवारी रेस आहे!"

घराच्या मागच्या जिन्याने मी माकडासारखा वाकून, हात लोंबवत वर पळालो. दार उघडताच बायकोच्या हातातली कात्री थबकली.

"हे काय घातलंय? आणि हे आणलं कुठल्या पैशातून?"

बेल वाजली. पुढच्या दाराची!

मी बाहेरच्या खोलीत झेप घेतली, पलंगावर पडलो आणि घोंगडी हनुवटीपर्यंत ओढली. भर दुपार, अंगावर चामडं, त्यावर घोंगडी! भट्टीतली वीटसुद्धा माझ्यापेक्षा सुखात असेल.

साहेब आत आले ते एका हाताने स्वतःची कंबर धरून. खुर्ची ओढून उशाशी बसले. "कसं वाटतंय?"

"बरं आहे, साहेब," म्हणत मी जरा हललो. कर्रर्र! चामडं करकरलं.

साहेब पांढरे पडले. "हाडं वाजतायत तुमची?"

"अधूनमधून."

"माझी एवढी कधी वाजली नाहीत!" त्यांच्या आवाजात काळजी होती, पण थोडा मत्सरही होता. मग त्यांनी नाक वर केलं. "पेट्रोलचा वास येतोय का?"

"मालीश केलंय, साहेब."

"पेट्रोलने?"

"जुना उपाय आहे."

बायको चहा घेऊन आली. ती एकदा माझ्याकडे बघायची, एकदा भिंतीवरच्या पांढऱ्या चौकोनाकडे. तिचं डोकं मशीनच्या चाकासारखं फिरताना मला दिसत होतं. "टीव्ही लावला असता साहेब," ती हळूच म्हणाली, "पण दुरुस्तीला गेलाय. म्हणजे असं मला सांगितलंय."

मी डोळ्यांनी तिच्या पाया पडलो. साहेब उठायला लागले तर ती म्हणते, "बसा ना! घाई काय आहे? अजून एकेक चहा ठेवते. यांनाही तुमची सोबत आवडतेय. हो ना हो?"

दुसरा चहा झाला. साहेबांनी त्यांच्या कंबरेची गोष्ट सुरुवातीपासून सांगितली. माझ्या कानातून वाफ निघत असावी. मग ते म्हणाले, "कुशीवर व्हा. एक नस दाखवतो, ती दाबली की आराम पडतो," आणि घोंगडीवरून त्यांचा हात माझ्या पाठीवर फिरला. फिरता फिरता थांबला.

कुबडावर!

"हे... हे कधीपासून आहे?"

"लहानपणापासून," मी म्हणालो.

"गोदामात कधी दिसलं नाही?"

"शर्टात दबतं."

त्यांचा हात खाली सरकला आणि कवचाला लागला. त्यांनी बोटाने वाजवून पाहिलं. टक्. टक् टक्.

"अरे देवा! दगड झालाय हो पाठीचा!"

बायको तोंडावर हात दाबून स्वयंपाकघरात पळाली. तिथून हुंदक्यांचा आवाज यायला लागला. हुंदके नव्हते ते! पण साहेबांना काय कळणार? त्यांचे डोळे भरून आले. दारापाशी थांबून ते म्हणाले, "वहिनी, धीर सोडू नका. यांना काडीचाही त्रास होणार नाही, हे मी बघतो."

दार लागलं. बायको डोळे पुसत आली, हसून हसून लाल झालेली. तिने आधी बारीक सुईने चेनचे दात साफ केले, मग त्यावर मेणबत्ती घासली, तुटक्या टोकात पिन अडकवली आणि सर्रकन चेन खाली!

"एवढं सोपं?" मी धापा टाकत म्हणालो.

"रोज लोक माझ्याकडे अडकलेल्या चेनी घेऊन येतात. तुम्हाला कधी विचारावंसं वाटलं?" मग तिने चौकोनाकडे बोट केलं. "आता सांगा, शून्य म्हणजे किती?"

रविवारी पहाटेच सूट काखोटीला मारून मी ट्रॅकवर हजर! तपासणीच्या टेबलावरच्या माणसाने कोपराच्या शिवणीत बोट घातलं. बोट आरपार गेलं.

"उसवलाय. शिवून आणा."

"इथे कुठे शिवू?"

"घरी कुणी शिवणारं नाही का?"

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. नंतर विचार केला, त्यात त्याची काय चूक? रेस मी कुंपणाबाहेरून पाहिली. पान्हा शेंगा सोलत म्हणाला, "इथून छान दिसते, भाऊ."

सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, स्वतःच्या हाताने खुर्ची दिली. "गोदामप्रमुखाला शिड्या चढाव्या लागतात, दिवसभर उभं राहावं लागतं. तुमचं ते..." आवाज खाली गेला, "ते हाताला लागल्यापासून मला झोप नाही. मी वहिनींना शब्द दिलाय. ही जबाबदारी मी दुसऱ्याला दिलीय." दुसरा म्हणजे आमच्याकडचा च्युइंगम, जो साहेबांच्या बुटाला कायम चिकटलेला असतो! आणि मला काय मिळालं? गादीची खुर्ची, पंख्याखाली.

घरी सांगितलं. वाटलं होतं, ती भांडी आपटेल. "खरं सांगून टाका ना साहेबांना," ती म्हणाली.

"खोटं बोलून रजा घेतली म्हणून नोकरीच जाईल."

"हं." तिने पडद्यांचं कापड काढलं, घडी घातली, घडीवर हात फिरवला आणि ट्रंकेत अगदी तळाशी ठेवून दिलं. भांडी आपटली असती तर बरं झालं असतं हो!

मग तिने मोठी कात्री घेतली आणि माझ्याकडे न बघता सूट फाडायला बसली. पिशव्या शिवल्या तिने त्याच्या. चांगल्या चालल्यात. लोक विचारतात, एवढं मऊ चामडं कुठलं? वापरून वापरून सैल झालंय म्हणते.

तर हा माझ्या मोटारसायकल रेसिंगचा हिशेब. एकही रेस न मारता! गोदामात मला अजून वाकूनच चालावं लागतं, साहेब काचेतून बघत असतात. च्युइंगम क्वार्टरमध्ये राहायला गेला. आमचं मशीन गॅसशेजारीच आहे. सूटचं कुबड तेवढं बायकोने टाकलं नाही. त्यात टाचण्या खोचते ती. तिरक्या स्टुलावर ठेवलंय, हाताशी. टाचणी खोचताना ती शांतपणे माझ्याकडे बघते, आणि शपथ घेऊन सांगतो, कळ माझ्या पाठीत येते. वाकून वाकून कंबर आता खरोखरच धरलीय, पण सांगू कुणाला?