पुष्पावतीकाकूंचा सोफा सरकारदरबारी

आधीच सांगून ठेवते, मी मोठी अधिकारी होणार आहे! कोणती, ते अजून नक्की नाही. तहसीलदारीपासून पुढे जे मिळेल ते. मागच्या वर्षापर्यंत मी वर्गात हजेरीलासुद्धा नुसती मान हलवायचे. मग गोरक्षनाथ सरांनी धरून-बांधून वक्तृत्व स्पर्धेत उभं केलं, माझा पहिला नंबर आला, आणि तेव्हापासून माझं तोंड बंद झालेलं नाही, असं मालनआत्या म्हणते.

सरांनीच त्या योजनेचं सांगितलं. बारावीनंतर ज्यांना सरकारी सेवेत जायचंय त्यांच्यासाठी. नगरला वसतिगृह, परीक्षांची शिकवणी फुकट, वर महिन्याचा खर्चही सरकार देणार. अट एकच, घरची परिस्थिती बेताची हवी. आणि आमच्या शाळेच्या वाट्याला जागाही एकच.

परिस्थिती बेताची! या विषयात तर आमचा हात कुणी धरू शकत नाही. आई-पप्पा दिवाळीपासून कारखान्यावर ऊस तोडायला गेलेले, घरी मी आणि आत्या. घर म्हणजे चार भिंती आणि वर पत्रा. एप्रिलमध्ये त्या पत्र्यावर भाकरी टाकली तर चूल पेटवायला नको. फर्निचर म्हणाल तर एक लोखंडी कॉट, तिचा एक पाय विटेवर. जागा मिळाली नाही तर पुढच्या हंगामात माझ्या हातात पेनाऐवजी कोयता येणार, हेही ठरलेलं. म्हणजे मी सर्व बाजूंनी पात्र होते!

पण अर्ज दोघांचे होते. दुसरा समर्थचा. समर्थ म्हणजे आमच्या शेजारच्या राधाकृष्णतात्यांचा मुलगा. अख्ख्या पाथर्डी तालुक्याचं पाणी आटलं तरी तात्यांची विहीर आटत नाही. डाळिंबाची बाग आहे, ट्रॅक्टर आहे, स्लॅबचा बंगला आहे. पण उत्पन्नाच्या दाखल्यावर तात्या आमच्यापेक्षा गरीब आहेत. हे कसं जमलं, ते तात्यांना ठाऊक आणि वरच्याला ठाऊक.

मी अजिबात घाबरले नाही. कारण निवड पक्की करण्याआधी नगरहून अधिकारी घर बघायला येणार होत्या. मी सरांना म्हणालेसुद्धा, "सर, दाखला खोटं बोलेल. घर थोडंच बोलणार आहे!"

ज्या दिवशी मॅडम येणार होत्या त्या दिवशी सकाळी शाळेला निघताना मी आत्याला एवढंच म्हणाले, "आत्या, आज मॅडम येणारेत. घर जरा नीट ठेव."

"तू काळजीच करू नको," आत्या म्हणाली.

इथे मी काळजी करायला हवी होती.

कारण वस्तीवर कुणाची मुलगी बघायला पाहुणे येणार असले की पहिलं बोलावणं जातं मालनआत्याला. ती घरावरून एक नजर फिरवते आणि कामाला लागते. सतरंजी एकाकडून, कपबशा दुसऱ्याकडून, गाय तिसऱ्याकडून. पाहुणे येतात, चहा पितात, लग्न ठरवून जातात. संध्याकाळी गाय आपल्या घरी, कपबशा आपल्या घरी. अजिनाथच्या रुपालीच्या वेळी तर तिने अंगणात बोअरवेलसुद्धा उभी केली असती, पण गाडी मिळाली नाही.

दुपारी मॅडम स्कूटीवरून शाळेत आल्या. सुरेखा मॅडम. वय फार नाही, आवाज हळू, चेहरा असा की त्यावरून आत काय चाललंय ते ओळखणाऱ्याला बक्षीस द्यावं. मी स्वतःचा चेहरा तसा करून बघितला. मैत्रीण म्हणाली, दात दुखतोय का?

समर्थ एरवी फटफटीवर येतो. त्या दिवशी तो पायी आला होता, आणि चपलेचा अंगठा तुटलेला होता. नवी चप्पल मुद्दाम तोडलीय हे लांबूनही दिसत होतं.

"आधी कुणाचं घर लागतं?" मॅडमनी विचारलं.

"आमचं!" मी म्हणाले, आणि त्यांच्या मागे स्कूटीवर बसलेसुद्धा. समर्थ तुटक्या चपलेत मागून पळत राहिला. गरिबी ही अशी मेहनतीची गोष्ट आहे.

वाटेत मी मॅडमना तयार करत गेले. "मॅडम, आमच्याकडे बसायला काही नाही हं. गोणपाटावर बसावं लागेल."

"चालेल."

"पंखा आहे, पण तो नुसता आवाज करतो."

"असू दे."

"आणि मॅडम, सार्वजनिक सेवा म्हणजे काय यावर मी पाच मिनिटं न थांबता बोलू शकते."

"आधी घर बघू," मॅडम म्हणाल्या.

वळण आलं. मी हात लांब केला. "ते बघा मॅडम, ते आमचं..."

आणि थांबले. दारात ट्रॅक्टर उभा होता. धुतलेला, हळदीकुंकू लावलेला, दसऱ्याला असतो तसा. शेजारी आमच्या शेळीच्या खुंटीला एक मुऱ्हा म्हैस बांधलेली. खुंटी वाकली होती. शेळी लांब बाभळीखाली उभी राहून हा सगळा प्रकार माझ्याच नजरेने बघत होती.

"हेच घर?" मॅडमनी विचारलं.

"असं... वाटतंय," मी म्हणाले.

दारात मालनआत्या. अंगावर पुष्पावतीकाकूंची पैठणी. पुष्पावतीकाकू म्हणजे समर्थची आई.

"या या मॅडम! सोप्यावर बसा. घर आपलंच हाय!"

घर आमचंच होतं, पण त्यात फक्त हवा आमची होती. दारातून आत शिरताच सोफा लागत होता. मरून रंगाचा, सोनेरी फुलांचा. तो एवढा मोठा की दार आता लागणं शक्य नव्हतं. त्याच्या पलीकडे काचेचं शोकेस. कोपऱ्यात फ्रीज, त्याची वायर खाली लोंबत होती कारण आमच्या घरात एकच बोर्ड आहे आणि तिथे पंखा आवाज करत होता. आमची विटेवरची कॉट कुठे गेली ते मला आजही नीट कळलेलं नाही.

मॅडम सोफ्यावर बसल्या, वर पत्र्याकडे बघितलं, खाली सोफ्याकडे बघितलं. "घरापेक्षा सामान मोठं दिसतंय," त्या म्हणाल्या.

मी आत्याला चुलीपाशी ओढलं. "आत्या! हे काय केलंस?"

"काय केलं? नीट ठिवलं घर!"

"अगं, आपण गरीब आहोत हे बघायला आल्यात त्या!"

"मंग?" आत्या म्हणाली. "त्यांनी बघायचं म्हनून आपन दाखवायचं व्हय? सरकार झालं तरी पावनाच की गं! पावन्यासमोर गरिबी काढत न्हाईत. आन् उद्या सायेब व्हनार तू. चांगल्या घरची वाटली पायजे का न्हाई?"

याला माझ्याकडे पाच मिनिटांचं भाषण नव्हतं. मी बाहेर गेले आणि सरळ सांगून टाकलं, "मॅडम, यातलं काहीच आमचं नाही!"

मॅडमनी मान हलवली. "सगळे तेच सांगतात. परवा एका घरी दारात चारचाकी होती. तीही शेजाऱ्याचीच निघाली म्हणे."

"पण आमचं खरंच..."

"गप गं!" आत्या मागून आली. "लाजती हो पोरगी, मॅडम. लई साधी हाय. खरं तर डाळिंबंबी हायती आमची."

तेवढ्यात समर्थ पोचला, घामाने निथळत. दारात थबकला. ट्रॅक्टर बघितला, फ्रीज बघितला. त्याच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उजाडत गेली. मला वाटलं, आता हा ओरडणार. पण तो हुशार आहे, वर्गात दुसरा असतो. आत आला आणि सवयीने सोफ्याच्या त्याच्या नेहमीच्या कोपऱ्यात जाऊन बसला.

बाहेर म्हशीने त्याला बघितलं आणि असा काही हंबरडा फोडला की पत्रा थरथरला. दाव्याला हिसके देत ती दारापर्यंत आली आणि तोंड आत घालून त्याची बाही चाटायला लागली.

"म्हशीची तुमची ओळख आहे वाटतं," मॅडम म्हणाल्या.

"वस्तीवरच्या सगळ्याच म्हशी ओळखतात मला," समर्थ म्हणाला. "मुक्या जिवांवर प्रेम आहे माझं, मॅडम. तीही सेवाच."

बघा! म्हणजे माझ्याच घरात, माझ्याच समोर, सेवेवरचं भाषण याने सुरू केलं!

मॅडम उठून शोकेसजवळ गेल्या. आत लग्नाचा मोठा फोटो होता. एवढं सगळं रिकामं कोण करणार, म्हणून आत्याने शोकेस होतं तसंच आणलेलं.

"हे कोण?"

आत्याने डोळ्याची पापणीसुद्धा हलवली नाही. "हिचे आई-बाप."

माझी आई त्या फोटोत गोरीपान, घाऱ्या डोळ्यांची आणि हनुवटीवर तीळ असलेली होती. मी खाली बघितलं. समर्थने वर पंख्याकडे बघितलं.

"बरं," मॅडम म्हणाल्या आणि पिशवी उचलली. "चला, आता तुमचं घर."

समर्थ असा उठला, जसा काही त्याचा नंबरच लागलाय!

तात्यांचा बंगला म्हणजे एरवी सामानाचं दुकान. त्या दिवशी मात्र आत हाक मारली तर तीनदा ऐकू येईल इतका मोकळा. फरशीवर सोफ्याच्या चार पायांचे डाग, भिंतीवर शोकेसच्या आकाराचा स्वच्छ चौकोन. गोठ्यात रिकामं दावं. मॅडम मधोमध उभ्या राहिल्या.

"घर मोठं आहे," त्या म्हणाल्या.

समर्थने सुस्कारा सोडला. "घर बांधण्यातच सगळं संपलं, मॅडम. आता बसायला सतरंजी नाही. जमिनीवरच झोपतो आम्ही."

मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. मला माझा कोयता दिसायला लागला होता.

"कोन झोपतं जमिनीवर?"

मागच्या दारातून पुष्पावतीकाकू आल्या. हातात शेणाची पाटी. गोऱ्यापान, घाऱ्या डोळ्यांच्या, हनुवटीवर तीळ.

मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या. "तुम्हाला मी आत्ताच कुठेतरी बघितलं."

"आई, तू आत जा," समर्थ घाईने म्हणाला.

"का जाऊ? कोन जमिनीवर झोपतं म्हनतो तू? लोकासमोर?"

आता इथे एक सांगायला हवं. समर्थच्या अर्जाचं काकूंना काहीही माहीत नव्हतं. बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं म्हणून तात्यांनी ते घरात लपवून ठेवलं होतं. त्यामुळे आत्या सकाळी मागायला गेली, तेव्हा काकूंनी मोठ्या मनाने एकेक वस्तू काढून दिली. वर पैठणीही दिली. तात्या तेव्हा डाळिंबं घेऊन मार्केटला गेले होते.

"आई, मी सांगतो नंतर..."

"नंतर कशाला? आवं मॅडम, गरीब वाटलो व्हय आमी तुमाला? त्या पत्र्याच्या घरात सोपा बघितला का न्हाई, मरून? त्यो आमचा! नगरवरनं आनलाय. फिरीज आमचा! शोकेस आमचं, त्यात फोटू हाय त्यो माझ्याच लग्नाचा!"

"आई!"

"टॅक्टर आमचा, म्हस आमची. मालनबाईच्या अंगावरची पैठनीसुदिक माझी! त्यांच्याकडं काय हाय, एक कॉट, तीबी मोडकी, माझ्या मागल्या अंगनात ठिवलीय." काकूंनी पाटी खाली ठेवली आणि पदर खोचला. "लिवून घ्या तुमी. एकबी वस्तू राहू देऊ नका!"

मॅडमनी खरंच पेन काढलं. काकू एकेक नाव सांगत गेल्या, मॅडम लिहीत गेल्या. मिक्सर आणि पिठाची गिरणी आमच्याकडे आलेली नव्हती, तीही काकूंनी स्वयंपाकघरातून दाखवली. विहिरीचं पाणी किती खोल, तेही सांगितलं. समर्थ पायरीवर जाऊन बसला. म्हैस नसल्यामुळे त्याची बाही चाटायलाही कुणी नव्हतं.

परत येताना मॅडम आमच्या दारात थांबल्या. मला वाटलं, आता विचारतील, सार्वजनिक सेवा म्हणजे काय! मी घसा साफ केला.

"पाणी मिळेल?" त्या म्हणाल्या. "फ्रीजमधलं नको. माठातलं द्या."

आत्याने माठातलं पाणी दिलं आणि पडलेल्या चेहऱ्याने सांगितलं, "ह्यो माठ मातर आमचाच हाय, मॅडम."

मॅडमचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा जरासा हलला. हसल्या असं म्हणता येणार नाही. त्या स्कूटी सुरू करत होत्या तेव्हा मी विचारलं, "मॅडम, माझ्याबद्दल काय लिहिलंत?"

"शेजाऱ्यांशी संबंध चांगले आहेत," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

माझी निवड झाली! समर्थ पुण्याला पैसे भरून क्लासला गेला. त्याचं काही बिघडलं नाही. तात्या महिनाभर काकूंशी बोलले नाहीत. काकूंना त्याचं काहीच वाटलं नाही. त्या अजून वस्तीवर सांगतात, "आमच्या सोप्याची नोंद सरकारदरबारी हाय, म्हनलं!"

हे सगळं मी नगरच्या वसतिगृहात बसून लिहितेय. इथे सगळ्या मुलींना कपाट आहे, मला कपाट अजून मिळायचंय, म्हणून माझे कपडे कॉटवर पसरलेले आहेत. बॅगेत का नाही ठेवले, असं काल खोलीतल्या मुलीने विचारलं. येताना माझ्याकडे चाकांची, निळी, भारीतली बॅग होती, ती तिने बघितली होती. "तुमचं चांगलं दिसतंय घरचं," असं म्हणालीसुद्धा.

मी काय सांगणार! मॅडमचा चेहरा करून गप्प बसले. आत्याचा फोन आला होता, रविवारच्या एसटीने बॅग परत पाठव, काकूंना माहेरी जायचंय.