वीस किलोमीटरच्या आत

हरेश्वरदादा कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे बघत नाहीत. मोटारसायकल स्टँडवर लावतात, वाकतात, मीटरवरची धूळ अंगठ्यानं पुसतात, आकडा वाचतात, मनातल्या मनात वजाबाकी करतात आणि मगच "काय, बरं हाय ना?" म्हणतात. लग्न असो, बारसं असो, नाहीतर मयत. एकदा आम्ही दोघं चिंचणीला एका घरी समाचाराला गेलो होतो. सगळे माना खाली घालून बसलेले. दादाही बसले, मोठा सुस्कारा टाकला आणि म्हणाले, "साडेनऊ." घरातली म्हातारी डोळ्याला पदर लावत म्हणाली, "नाय रे पोरा, पहाटेच गेले." मला हसू आवरेना, म्हणून मी चपला शोधायच्या निमित्तानं बाहेर पळालो.

मी त्यांचा भाडोत्री. कुंभवलीत त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत राहतो आणि तारापूरच्या एका कारखान्यात नोकरी करतो. मूळचा साताऱ्याकडचा, त्यामुळे माझ्या आईबापांनी हौसेनं ठेवलेलं नाव दादांनी पहिल्याच दिवशी बाद केलं आणि मला 'सातारकर' करून टाकलं. खोली दाखवताना नळाला पाणी कधी येतं, पंखा चालतो का, यातलं अवाक्षर नाही. म्हणाले, "कारखाना दीड, बाजार चार, डॉक्टर साडेचार, हनुमंताचं देऊळ पाव. मीटर खोटं बोलत नाय."

'मीटर खोटं बोलत नाय' हे त्यांचं ब्रह्मवाक्य. माणसं खोटं बोलतात, रस्त्यावरचे मैलाचे दगड खोटं बोलतात, बातम्यांचं तर विचारूच नका. खरा काय तो एक मीटर. आणि तोही त्यांच्या त्या जुन्या, खोकत चालणाऱ्या मोटारसायकलचा.

आता मुद्द्याचं. दादांना एकुलती एक मुलगी, पल्लवी. घरात पलू. शेजारच्या पाम गावात कुणाच्या तरी हळदीत चार गाववाल्यांसमोर दादांनी जाहीर केलं होतं, "माझी पलू वीस किलोमीटरच्या आत देणार. त्याच्या वर राजाचा पोर आला तरी नाय!"

कुणीतरी विचारलं, "वीसच का रे हरेश?"

"वीसपर्यंत कालवण गरम पोचतं."

हे थट्टेत नव्हतं बरं का. त्यांनी खरोखर प्रयोग केलेले. बोंबलाचं कालवण स्टीलच्या डब्यात, डबा टॉवेलात, टॉवेल पिशवीत आणि पिशवी हँडलला. वाणगावपर्यंत जाऊन बोट बुडवून बघितलं, पालघरच्याही पुढे जाऊन बघितलं. वीसपर्यंत गरम, वीसच्या पुढे कोमट. त्यांच्या थोरल्या बहिणीला नाशकाकडे दिलेली. "आयनं धाडलेलं कालवण तिला कधी गरम मिळालं नाय," एवढंच एकदा म्हणाले. दादांच्या बायको सुनंदावहिनी मात्र कपाळावर हात मारायच्या. "यांना पोरीचं लगीन नाय करायचं, कालवण पोचवायचा धंदा काढायचाय!"

मग स्थळं बघायला सुरुवात झाली. म्हणजे मोजायला. मला मागच्या सीटवर साक्षीदार म्हणून नेत. डहाणूचा मुलगा बँकेत, निर्व्यसनी, घर स्वतःचं. दादांनी अंगणात गाडी लावली, वाकले, आकडा वाचला आणि चहाचा कप तोंडाला न लावता उठले. मुलाचा बाप मागे धावत आला, "अहो, आमचं काय चुकलं?" दादा म्हणाले, "तुमचं काय नाय. डहाणूचं चुकलं."

वाणगावचं एक स्थळ मीटरमध्ये झकास बसलं, तर पलूनं नाही म्हटलं. पालघरचंही बसलं, तेही नाही. तिसऱ्याला नाही म्हटल्यावर वहिनींनी तिला स्वयंपाकघरात घेतलं आणि दार लावलं. बाहेर आल्या तेव्हा चेहरा असा, की हसावं की रडावं त्यांनाच कळेना. पलूला कॉलेजात असतानाचा एक मुलगा आवडत होता. निखिल नाव. पालघरला औषधाच्या दुकानात काम करतो. घर माकुणसारला.

दादा रागावले नाहीत. जात विचारली नाही, पगार विचारला नाही. किल्ली उचलली. "सातारकर, चल!"

माकुणसारला पोचलो. दादा वाकले, धूळ पुसली, आकडा वाचला आणि वाकलेलेच राहिले. मला वाटलं, कंबर धरली.

"किती?" मी विचारलं.

"एकवीस. वर तीन."

येताना त्यांनी जवळचा रस्ता शोधायचा म्हणून गाडी खाजणात घातली. खाजण म्हणजे भरतीचं पाणी येतं ती दलदल. गाडी रुतली, मी रुतलो. तासभर ढकलून बाहेर आलो तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल, आणि आकडा आणखी वाढलेला. दादा म्हणाले, "मीटर खोटं बोलत नाय." पण आवाजात नेहमीचा दम नव्हता.

घरात पलूनं एकदाच सांगितलं. "बाबा, तुमी हो म्हटल्याशिवाय मी जाणार नाय. पण दुसरं स्थळ बी बघायचं नाय." त्यानंतर तिचं बोलणंच आटलं. भात वाढायची, पाणी द्यायची, हूं की चूं नाही. एरवी बापलेक दोघं मिळून घर डोक्यावर घ्यायचे. आता मला वरच्या खोलीत खालच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायची. दादांची मोठी पंचाईत. हो म्हणावं तर गावासमोर दिलेला शब्द गेला, नाही म्हणावं तर लेक गेली, आणि तीही डोळ्यांसमोर बसून.

अशातच पुढचं चाक पंक्चर झालं. बोईसरला मुन्ना मिस्त्रीकडे गेलो. मुन्ना उत्तर प्रदेशचा. दादांना चाचा म्हणतो. टायर काढून त्यानं गोट्यासारखा गुळगुळीत झालेला रबर दाखवला. "चाचा, ये तो पूरा घिस गया. ऐसे टायर पे मीटर भी ज्यादा दिखाता है."

दादांनी हातातला चहा खाली ठेवला. "क्या बोला? फिरसे बोल!"

"टायर छोटा, तो मीटर ज्यादा. टायर बडा, तो मीटर कम."

घरी येईपर्यंत दादांनी मला सतरा वेळा विचारलं, हे कसं काय? आता आली का पंचाईत! मी म्हणालो, "दादा, मीटर रस्ता मोजतच नाही. चाकाचे फेरे मोजतो. वहिनी बुटक्या, तुम्ही उंच. देवळापर्यंत जायला तुमची पावलं कमी पडतात, त्यांची जास्त. मोठं चाक कमी फेऱ्यांत पोचतं."

दादा रस्त्यातच थांबले. "म्हणजे हिच्यासाठी हनुमंत लांब हाय आणि माझ्यासाठी जवळ?"

"हनुमंत तिथंच आहे हो! मोजणारा बदलतो."

"म्हणजे मीटर खोटाच!" दादा इतक्या आनंदानं ओरडले की शेजारून जाणारा टेम्पोवाला दचकला. इतकी वर्षं ज्याची पूजा केली, त्याला एका मिनिटात घराबाहेर काढलं. "चाकाचा नोकर हाय रे तो! चाक सांगेल ते बोलतो!"

दुसऱ्याच दिवशी, मला न विचारता, त्यांनी मागच्या चाकाला हा जाडजूड टायर बसवून आणला. गाडी मागून म्हैस आणि पुढून बकरी. मोठ्या ऐटीत माकुणसारला गेलो. दादा वाकले. एकवीस, वर तीन. तसूभर फरक नाही. परत मुन्नाकडे. मुन्ना हसून हसून खाली बसला. "चाचा, केबल आगे के चक्के में है! पीछे आप ट्रॅक्टर का टायर लगाओ, मीटर को क्या पता!"

मग पुढचं चाक. कुठल्यातरी मोठ्या गाडीची रिम आणली, वर जाड टायर. तो मडगार्डला घासायला लागला, म्हणून मडगार्ड काढून टाकलं. मुन्नानं हात जोडून सांगितलं की हँडल थरथरेल. दादा म्हणाले, "थरथरू दे. हवा फुल्ल मार. हवा कमी असली की टायर बसतो, आणि टायर बसला की मीटर वाढतो." चार दिवसांपूर्वी ज्याला काही ठाऊक नव्हतं, तो माणूस आता मुन्नाला शिकवत होता.

गाडीनं आता तोंड आभाळाकडे केलेलं. मडगार्ड नसल्यानं रस्त्यावरचा सगळा चिखल दादांच्या शर्टावर. देवळाच्या पारावरचे म्हातारे विचारायचे, "हरेश, गाडी वर काय बघते रे? विमान?" आणखी एक गंमत झाली. वहिनींची सक्त ताकीद होती, की चाळीसच्या वर गाडी जाता कामा नये. दादा काट्याकडे बोट दाखवून चाळीसनंच जायचे, आणि वहिनी मागून ओरडायच्या, "मंग आज झाडं येवढी जोरात का पळतात?" मी मोबाइलवर वेग बघितला. मीटर चाळीस, मोबाइल बेचाळीस. दादांना दाखवला, तर म्हणाले, "तुझा फोन घाबरट हाय."

मग एका रविवारी अधिकृत मोजणी ठरली. पुढे गाडीवर दादा आणि मी, मागे रिक्षात वहिनी आणि पलू. निघण्याआधी पलूनं त्या अवाढव्य चाकाकडे बघितलं, मग चिखलानं माखलेल्या बापाकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी तोंड उघडलं. "बाबा, चाक मोठं केलंत?"

दादा आकाशाकडे बघत म्हणाले, "शोभतं गाडीला."

पलू हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती घाईघाईनं रिक्षात जाऊन बसली.

माकुणसारच्या वेशीत शिरलो तेव्हा मीच दादांच्या खांद्यावरून वाकून मीटर बघत होतो. शेवटचा आकडा हळूहळू वर सरकत होता. घर दिसलं. अंगणात निखिल, त्याचे आईवडील, शेजारपाजार, सगळे उभे. आणि घराच्या थोडं अलीकडे, विहिरीपाशी, मीटरनं वीस पुरे केले. दादांनी करकचून ब्रेक मारला. मी त्यांच्या पाठीवर आदळलो.

पुढे जावं तर वीसच्या वर. मागे फिरावं तर लेकीचं काय? दादा गाडीवर तसेच बसून राहिले. रिक्षा मागे येऊन थांबली.

निखिलचे वडील शांतपणे चालत आले. मीटरकडे बघितलं, चाकाकडे बघितलं. सगळ्या पंचक्रोशीला माहीत असलेली गोष्ट त्यांना माहीत नसेल कशी? ते विहिरीच्या कठड्यावर बसले आणि म्हणाले, "या, बसा. विहीर आमचीच हाय. आमच्यात घर विहिरीपासनं धरतात."

आणि घरातून चहा विहिरीवर आला. बोलणी विहिरीवर झाली. नारळही विहिरीवर दिला. अहो, एक माणूस घराकडे गेला नाही!

लग्न धूमधडाक्यात पार पडलं. आता टायर बदलायला काय हरकत होती? मुन्ना सांगून थकला. हँडल लटपटतं, वळणावर माझा जीव खालीवर होतो. मी म्हणालो, "दादा, काम झालं ना? आता जुनं चाक टाका की." दादा ऐकलं न ऐकलं करतात. फार मागे लागलो तर, "शोभतं रे."

दर रविवारी बोंबलाचं कालवण निघतं. परवाच्या रविवारी मी बरोबर होतो. पालघरच्या अलीकडे कसला तरी खोळंबा झाला आणि बराच वेळ अडकलो. माकुणसारला पोचलो, विहिरीपाशी दादांनी सवयीनं बोट दाखवलं, "बघ, वीस!" मी डबा उतरवताना हात लावून बघितला. गार नाही म्हणता येणार, पण गरम तर मुळीच नव्हता.

पलू धावत आली. डबा उघडला, कालवणात बोट बुडवलं आणि झटक्यानं मागे घेतलं. "आई गं! चटका बसला, बाबा!" मग वाटीत घेऊन फुंकर मारमारून खाल्लं. दादा माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते, जशी काही माझ्याशी पैज जिंकलीय. मीही म्हणालो, "वाफ येतेय की अजून!"

उन्हं कलली तसे आम्ही निघालो. पलू विहिरीपर्यंत सोडायला आली. गाडी सुरू करण्याआधी दादांनी डब्याचा टॉवेल झटकला आणि मीटरवर टाकून त्याच्या दोन्ही टोकांना गाठ मारली. मला वाटलं, वाळत घातला.

पालघर मागे पडलं तरी टॉवेल तिथंच. हा माणूस आणि मीटर न बघता गाडी चालवतोय? मला राहवेना. "दादा, टॉवेल काढा ना. मीटर झाकलाय."

"राहू दे."

"अहो, किती झाले ते कळणार कसं?"

हँडल थरथरत होतं, दादा ते घट्ट धरून समोर बघत राहिले.

"येताना नाय बघायचा, सातारकर. येताना लय दाखवतो."