समोरच्याचा डावा

तिकिटं मुलीनेच काढली होती. आईवडिलांनी फक्त खिडकी कुठली हवी ते सांगायचं होतं. मास्तरांनी त्यासाठी तिला चार वेळा फोन केला. पंखावरची जागा नको, फार पुढची नको, काच दोन खुर्च्यांच्या मधे येते तसली तर नकोच. शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा, विमान शिवायचं नाहीये, नुसतं बसायचंय त्यात."

पण मास्तर शिंपी होते, अंदाजाने काही करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. शिवाय मामला काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा होता. दुकानातल्या मागच्या स्टुलावर, भिंतीकडे तोंड करून, काकूंनी चाळीस वर्षं काजं केली होती. एवढ्या वर्षांत त्यांनी एकच गोष्ट मागितली होती: बर्फाचे डोंगर एकदा डोळ्यांनी बघायचेत. मुलीच्या गावाला जाणारं विमान त्या डोंगरांवरून जातं हे कळल्यापासून त्या काज करता करता मधेच हसायच्या.

देवाच्या कृपेने त्याच आठवड्यात एक पायलट कोट बेतायला दुकानात आला. दोन्ही हात पसरून तो उभा होता आणि मास्तर छातीला टेप लावत होते. तेवढ्यात मास्तरांनी विषय काढला. पायलट म्हणाला, "जाताना डावीकडे बसा काका. अख्खी रांग दिसते."

मास्तरांनी खडू घेतला आणि बेताच्या कागदावर लिहिलं, 'उजवी खिडकी'.

काकूंनी दोरा तोडत हळूच विचारलं, "अहो, ते डावीकडे म्हणाले ना?"

"अगं, तो माझ्यासमोर उभा होता. समोरच्याचा डावा तो आपला उजवा. हे चुकलं तर कोटाचा खिसा भलतीकडे जातो."

चाळीस वर्षांत एकाही कोटाचा खिसा भलतीकडे गेला नव्हता. काकूंनी सुईत नवा दोरा ओवला.

विमानात काकू खिडकीला नाक लावून बसल्या. खाली तपकिरी सपाट जमीन होती, मग आणखी तपकिरी सपाट जमीन आली. तासाभराने कप्तानांनी सांगितलं की आता डाव्या हाताला हिमशिखरं दिसतील, आणि विमानातली सगळी डोकी डावीकडे वळली. मास्तर ताडकन उठले, टाचा उंचावून सहा डोक्यांवरून बघू लागले. हवाईसुंदरीने त्यांना गोड आवाजात खाली बसवलं आणि पट्टा बांधायला लावला.

"काही दिसलं का हो?" काकूंनी विचारलं.

"पांढरं काहीतरी दिसलं."

"शिखर?"

"कॉलर. त्या टकल्या गृहस्थाची. उसवलीय मागून."

काकूंना हसू आलं, पण मास्तरांचा चेहरा बघून त्यांनी ते पदरात लपवलं. मास्तर मग उतरेपर्यंत समोरच्या खुर्चीच्या शिवणीतले टाके मोजत बसले. मुलीच्या घरीसुद्धा दोन दिवस त्यांना घास गोड लागेना. जावयाने विचारपूस केली तर म्हणाले, विमानाने कानांना दडे बसलेत.

आठवड्याने मुलगी परतीची जागा निवडायला बसली. मास्तर हातातला पेपर टाकून आले. "आता माझी अक्कल नको. पायलट डावी म्हणाला होता, डावीच घे. डावी म्हणजे डावी."

मुलगी म्हणाली, "पण बाबा, परत जाताना विमान उलट्या..."

काकूंनी तिला डोळ्यांनी थांबवलं. मास्तर मोठं ओझं उतरल्यासारखे आंघोळीला गेले. नळाचा आवाज सुरू झाल्यावर काकू मुलीजवळ सरकल्या.

"त्यांना डावी दे. मला उजवी."

"अगं, वेगवेगळे बसणार तुम्ही? आणि त्यांना सांगायचं नाही?"

"दोनदा चुकलं म्हणून कशाला सांगायचं? बसू दे त्यांना त्यांच्या खिडकीशी. डोंगर आले की मीच हाक मारीन."