भाऊकाकांचं चेरोकी गावातलं गाऱ्हाणं

आमचे शेजारी भाऊकाका स्कूटरला किक मारायच्या आधीसुद्धा गाऱ्हाणं घालतात. हात जोडून, डोळे मिटून, "बा देवा महाराजा, गाडी एका किकीत चालू होवांदे रे महाराजा!" मग एक डोळा उघडून माझ्याकडे बघतात. कुणीतरी "होय महाराजा" म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं देवाला पोचत नाही, आणि आमच्या अख्ख्या तोंडवली गावात या कामाला रिकामा मीच.

काकी गेल्यावर मुलगा सतीश त्यांना तीन महिन्यांसाठी म्हणून अमेरिकेला घेऊन गेला. तिकडे पोचल्यावर म्हणाला, आता इथेच राहा. काकांना घरी यायचं होतं. बापलेकांचं बोलणं जवळजवळ बंदच पडलं.

एका रविवारी संध्याकाळी मी किनाऱ्यावर बांगडे निवडत होतो, तर काकांचा व्हिडिओ कॉल. तिकडे सकाळ. रुसवा जावा म्हणून सतीशने त्यांना तिथल्या मूळ रहिवाशांचं, म्हणजे चेरोकी लोकांचं, जुनं गाव दाखवायला नेलं होतं. गाव कसलं! उकरलेल्या जमिनीत खांबांच्या खुणा आणि मधोमध काळी पडलेली माती.

"ही बघ, चूल," काका म्हणाले. पाय अनवाणी. "लोकांच्या घरात चपला घालून कसो जातलंय? ह्येंका सरकारान बळान भायर काढल्यान. हयच्या देवाक गाऱ्हाणा घालूचा आसा. सतीशाक लाज वाटता. तू मोठ्यान म्हण."

मागे सतीश खिशात हात घालून भलतीकडेच बघत होता.

"बा देवा महाराजा! तू आमचो नाय, तरी हयचो जागेवालो आसस!"

"होय महाराजा!" मी बोंब ठोकली. मासे विकणारी आक्का दचकली. "खुळावलंस काय रे?"

"हय ज्येंची घरां होती, तेंच्या पोरांका परतीची वाट गावांदे रे महाराजा!"

"होय महाराजा!" तेवढ्यात एक बांगडा मांजराने पळवला.

काकांचा आवाज खाली आला. "माझा घर तोंडवलीक बंद आसा. तेच्या चुलीची अशी माती होवक नको. माझ्या झिलाक, ह्या सतीशाक घेवन एकदा दार उघडूक पोचव रे महाराजा!"

मी हातातला बांगडा खाली ठेवला.

काकांनी सवयीने एक डोळा उघडला. पण फोनकडे नाही, सतीशकडे. तो त्या काळ्या मातीकडे बघत होता. मग वाकून त्याने बूट काढले, बाजूला ठेवले, हात जोडले. लाटांच्या आवाजात मला जेमतेम ऐकू आलं.

"होय महाराजा."