नारळ फोडलेला बंपर

एका जंगलात, म्हणजे जेवढं शिल्लक होतं तेवढ्यात, दाजीबा नावाचा एक गवा राहत होता. गवा म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांनी आईला विचारा. आईलाही माहीत नसेल तर काळा, दांडगा रानबैल समजा आणि पुढे चला. मध्ये मध्ये बोलायचं नाही.

दाजीबा पाणवठा खात्यातून निवृत्त झाला होता. चाळीस वर्षं त्याने पाण्यावर येणाऱ्या जनावरांना एकच गोष्ट सांगितली, "रांगेत या." निवृत्त झाल्यावर त्याने फिरतं घर घेतलं. चाकांवरचं घर, बाळांनो. आत पलंग, ओटा, न्हाणी, सगळं. सकाळी उठायचं आणि घरासकट निघायचं.

पण एवढं घर घेऊन भाजी आणायला कसं जायचं? म्हणून घरामागे एक छोटी जीप असायची. जीपच्या तोंडाला दोन कड्या होत्या. त्यांत लोखंडी दांडा अडकवायचा, दांड्याचं दुसरं टोक घराला जोडायचं, की जीप वासरासारखी मागोमाग यायची.

दाजीबाची बायको यमुनाबाई. तिला जीप छान चालवता यायची. पण दाजीबा शेजारी बसला की ओरडायचा, "ब्रेक! अगं, ब्रेक! पुढे मुंगूस आहे!" मुंगूस दोन मैलांवर असायचं. शेवटी कंटाळून तिने चालवणंच सोडून दिलं. याचं तिला वाईट वाटायचं. ते तिने कुणाला सांगितलं नाही, म्हणून मी सांगतो.

मग एक आनंदाची गोष्ट झाली. घाटापलीकडच्या बांबूच्या बेटात दिलेल्या त्यांच्या लेकीला, इंदूला, दुसरी मुलगी झाली. बारसं ठरलं. पाळणा आजोळहून जाणार होता. यमुनाबाईने समोर उभं राहून शिसवी पाळणा करून घेतला आणि त्यावरचे लाकडी पोपट स्वतः रंगवले. बेटातल्या अरुंद वाटेवर फक्त जीप जाते, म्हणून पाळणा जीपमध्येच बांधून ठेवला. इंदूने दोनदा निरोप पाठवला होता, "आई, बाराचा मुहूर्त आहे. पाळणा आला नाही तर बाळाला घालू कशात?"

आदल्या दिवशी दाजीबा जीपमध्ये हवा भरायला खवले मिस्त्रीकडे गेला.

मिस्त्री हे खवलेमांजर होतं. अंगभर चिलखत, आणि साधं पान पडलं तरी गुंडाळी करून बसणार. ज्याच्या अंगावर पत्रा नाही तो उघडा पडला, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. तो फसवणारा नव्हता. फसवणारा परवडला. हा मनापासून घाबरवायचा.

"साहेब, कंपनीचाच बंपर ठेवलाय?" मिस्त्रीने डोळे मिटून घेतले. "प्लास्टिक आहे हो ते."

"मग काय करू?"

"मी कशाला बोलू? नात झालीय म्हणे तुम्हाला."

दाजीबाला घाम फुटला. दीड तासात जीपच्या तोंडावर भलामोठा लोखंडी बंपर चढला. त्याला दोन बाजूंना दोन सुळे होते.

"हे सुळे कशाला?" दाजीबाने विचारलं.

"शोभतात," मिस्त्री म्हणाला.

घरी यमुनाबाईने बंपरभोवती एक फेरी मारली.

"अहो, जीप आपल्या घराला बांधलेली असते ना? मग जीपच्या पुढे कोण असतं?"

"आपलं घर."

"मग हा आदळणार कशावर?"

"आपल्या घरावर."

"त्या बाजूला काय आहे?"

"तुझं स्वयंपाकघर." दाजीबा जरा घुटमळला. "पण जीपला ओरखडा येणार नाही."

नवी वस्तू आली होती, तेव्हा पूजा करावी लागली. शेजारपाजारची जनावरं जमली. हळदकुंकू झालं, हार घातला, सुळ्यांना लिंबू-मिरची बांधली. दाजीबाने बंपरवरच नारळ आपटला. एका फटक्यात दोन भकलं झाली. "दणकट आहे!" सगळे म्हणाले आणि खोबरं खाऊन घरी गेले.

सकाळी निघायच्या वेळी दाजीबा दांडा घेऊन जीपपुढे वाकला. कड्या दिसेनात. दोन्ही कड्या बंपरने झाकून टाकल्या होत्या.

मिस्त्रीला बोलावलं. त्याने वाकून पाहिलं.

"आहेत की कड्या. आतच आहेत. आता त्यांना काही होणार नाही."

"अरे, पण दांडा कशात अडकवू? काढ तो बंपर!"

मिस्त्रीची अर्धी गुंडाळी झाली. "साहेब, नारळ फुटलाय."

निरोप द्यायला शेजारी पुन्हा जमले होते. त्यांतल्या म्हाताऱ्या वानराने शेपटी आवरून घेतली आणि तो म्हणाला, "पुजलेली वस्तू उतरवायची? ती पण बारशाच्या दिवशी?"

"दोन भोकं पाडली तर?" एका भेकराने विचारलं.

"हार घातलेल्या बंपरला भोकं पाडतोस?" त्याची आई त्याच्यावर खेकसली.

वाद रंगला. बंपर काढला तर अपशकुन, नाही काढला तर दांडा नाही, दांडा नाही तर जीप नाही. ऊन सागाच्या शेंड्यावरून खाली उतरलं. दाजीबा रडायच्या बेतात आला होता.

यमुनाबाईने जीपमधल्या पाळण्याकडे पाहिलं. पोपटांकडे पाहिलं. पदर खोचला.

"किल्ली द्या."

"कुणाला?"

"मला. तुम्ही घर आणा, मी जीप आणते."

"अगं, पण घाटात तुला ब्रेक कोण सांगणार?"

"कुणीच नाही," यमुनाबाई म्हणाली. हे बोलतानाच तिला इतकं हलकं वाटलं की ती लगेच जीपमध्ये बसली.

पुढे घर, मागे जीप. घाटात घर रखडत रखडत चढू लागलं. यमुनाबाईने पहिल्या वळणावर सवयीने कान टवकारले. कुणी ओरडलं नाही. दुसऱ्या वळणावर ती पाळण्याचं गाणं गुणगुणू लागली. तिसऱ्या वळणावर तिने सूर्याकडे पाहिलं आणि जोरात हॉर्न दिला.

दाजीबाने आरशात पाहिलं. मागून एक अक्राळविक्राळ लोखंडी जबडा येत होता, सुळ्यांसकट, थेट स्वयंपाकघराच्या दिशेने. आपणच तो आणलाय हे तो साफ विसरला. "आई गं!" म्हणत त्याने घर कडेला घेतलं. यमुनाबाईने लग्नानंतर पहिल्यांदाच रांग मोडली आणि भुर्रकन पुढे निघून गेली.

बाराला दहा कमी असताना पाळणा टांगला. बाळाला पाळण्यात घातलं, आत्याने कानात 'वेणू' असं नाव सांगितलं. वेणू पोपटांकडे बघून हसली. यमुनाबाईचे डोळे भरून आले.

दाजीबा चार वाजता, बेटाबाहेर घर लावून, पायी आला. त्याच्या वाट्याला मूठभर घुगऱ्या उरल्या होत्या. त्या खाऊन तो खाकरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बघितलंत? बंपर बसवला म्हणून पाळणा वेळेवर पोचला."

पाहुण्यांनी माना डोलावल्या. इंदूने आईकडे पाहिलं. आईला बरंच काही बोलता आलं असतं. पण जीपची किल्ली तिच्या कमरेला होती.

"अगदी खरं," यमुनाबाई म्हणाली. "आता तो कधीच काढू नका हं."

पुढच्या आठवड्यात खवले मिस्त्रीने दारावर पाटी लावली, 'बंपर बसवा, बारशाला वेळेवर पोचा'. पहिल्याच दिवशी बाहेर फिरत्या घरांमागच्या सहा जीपा उभ्या राहिल्या. सहाही नवऱ्यांना त्यांच्या बायकांनी पाठवलं होतं. नारळसुद्धा बायकांनीच बरोबर दिले होते.

तात्पर्य, बाळांनो, पाटीवर लिहून घ्या: संरक्षणासाठी बंपर जरूर बसवावा. तो कुणाला कुणापासून वाचवतो, हे मात्र बसवणाऱ्याला सांगू नये.