घड्याळजींचा आहार-तक्ता

"बुद्धिबळ डोक्यानं खेळतात, हा अडाण्यांचा समज आहे!" घड्याळजी त्या आठवड्यात दुकानात येईल त्याला ऐकवत होते. "ते पोटानं खेळतात, पोटानं! पोट गडगडलं की वजीर गेलाच म्हणून समजा!"

गिऱ्हाईक बिचारं पट्टा बदलायला आलेलं असे. ते मान डोलावी आणि पट्टा घेऊन निघून जाई.

घड्याळजींचं दुखणं जुनं होतं. सलग सहा वर्षं क्लबाच्या स्पर्धेत त्यांची शेवटची फेरी दातांच्या डॉक्टरांशी पडे आणि सलग सहा वर्षं तिसऱ्या तासाला ते हरत. एकदा भुकेनं डोळ्यांपुढे काजवे चमकले म्हणून, तर एकदा भरपेट जेवून गेल्यामुळे हत्ती हातात धरूनच डुलकी लागली म्हणून. दुकानात भिंतीवरच्या दोन घड्याळांच्या मधे त्यांनी करंडकासाठी फळी ठोकून ठेवली होती. तिच्यावरची धूळ पुसताना दर वेळी त्यांच्या जिवाला लागे.

यंदा मात्र त्यांनी थेट शास्त्रच काढलं. कितव्या चालीला काय खायचं आणि काय प्यायचं, याचा तक्ता!

"अहो, भूक लागली की खावं, तहान लागली की प्यावं," बायको म्हणाली. "त्याला तक्ता कशाला?"

"अगं, घड्याळाला किल्ली बंद पडल्यावर देतात का? आधी द्यावी लागते!"

"आणि जास्त पिळली की स्प्रिंग तुटते, हेही तुम्हीच सांगता." एवढं बोलून तिनं इस्त्रीचा रुमाल त्यांच्या खिशात कोंबला.

घड्याळजींनी दाराशी जाऊन तो हळूच काढला आणि खुंटीला अडकवला. त्या खिशात बेदाणे जायचे होते! बाकीच्या खिशांत बदाम, केळी, उकडलेलं अंडं आणि चॉकलेट होतं. पिशवीत तीन थर्मास होते. बाहीच्या आत तक्त्याची चिठ्ठी होती, कारण डोकं चालींत गुंतल्यावर पोटाचं कोण लक्षात ठेवणार?

क्लबात पोचल्यावर त्यांनी पटाशेजारच्या घड्याळाला प्रेमानं थोपटलं. क्लबाची सगळी घड्याळं त्यांनीच मागच्या आठवड्यात तेलपाणी करून दिली होती. "यातलं एक जरी सेकंदभर चुकलं, तर दुकानाची पाटी उतरवीन!" असं त्यांनी पंचांना बजावलंही होतं. पंच म्हणजे शाळेतले निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं होतं.

डाव सुरू झाला आणि काय सांगावं, शास्त्र लागू पडलं! दहाव्या चालीला बदाम. तो फुटल्याचा आवाज ऐकून डॉक्टरांनी धंद्याच्या सवयीनं मान वर केली. पंधराव्याला केळं. विसाव्याला कॉफी, तेविसाव्याला लिंबू सरबत, पंचविसाव्याला पाणी. डॉक्टरांचा एक घोडा पडला, मग उंट पडला. घड्याळजींच्या डोळ्यांपुढे फळीवरचा करंडक चकाकू लागला.

पण तीन थर्मास आत गेले, तर ते आत थोडेच बसणार! घड्याळजी पहिल्यांदा उठून जाऊन आले. मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा उठताना त्यांनी आधी बाहीत डोकावून पाहिलं आणि डॉक्टरांनी हात वर केला.

"पंच, हे सारखे बाहेर जातात. आणि जाण्याआधी मनगटात काहीतरी वाचतात!"

पस्तीस वर्षं परीक्षेत कॉपी पकडलेला माणूस तो! पंच ताडकन उठले. "बाही वर करा!"

चिठ्ठी निघाली. पंचांनी ती मोठ्यानं वाचली. "'पंधरा – के.' ही चाल कुणी सांगितली तुम्हाला?"

"अहो, केळं आहे ते!"

"'वीस – कॉ'?"

"कॉफी!"

"'चाळीस – अं'?"

"अंडं! उकडलेलं!"

"पुरावा?"

घड्याळजींनी एकेक खिसा टेबलावर रिकामा केला. सगळे डाव थांबले. कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग अख्खं दालन हसू लागलं.

"चिठ्ठी ती चिठ्ठी," पंच म्हणाले. "मग त्यात उत्तर असो नाहीतर केळं!" त्यांनी चिठ्ठी जप्त केली आणि डॉक्टरांना दोन मिनिटं वाढवून दिली.

आता आली का पंचाईत! पटावर डॉक्टरांचा राजा कोपऱ्यात अडकला होता. पण घड्याळजींची जेमतेम पाच मिनिटं उरली होती आणि ते भलत्याच विचारात पडले होते. चाल पस्तिसावी. आता बेदाणे की चॉकलेट? यावर त्यांनी चार मिनिटं विचार केला आणि चॉकलेट ठरवलं. ते सकाळपासून खिशात राहून वितळलं होतं. ते चाटता चाटताच त्यांना दिसलं, हत्तीचा शह आणि पुढच्या चालीला मात! सुटकाच नाही!

"शह!" घड्याळजी गरजले. हत्ती ठेवला, आपली वेळ थांबवायची कळ दाबायला हात घड्याळाकडे गेला आणि अधांतरी थांबला.

बोटं चॉकलेटनं बरबटली होती. तीस वर्षांच्या धंद्यात त्यांनी घड्याळाला चिकट हात लावला नव्हता! डावा हात पुढे केला, तर पंच खेकसले, "ज्या हातानं चाल, त्याच हातानं घड्याळ!" रुमालासाठी खिसा चाचपला, तर एक चुकार बेदाणा हाताला लागला. शेवटी त्यांनी घाईघाईनं केळ्याच्या सालीला बोटं पुसली. आता बोटांना केळंही लागलं.

टक्! घड्याळावरचं लाल निशाण पडलं. वेळ संपली होती.

कुणी हसलं नाही. डॉक्टरच ओशाळून म्हणाले, "माझा राजा मेलाच होता हो. पंच, घड्याळ पुढे पळत असेल. यंत्रच ते, चुकतं कधी."

"तसं असेल तर वेळ वाढवून देता येईल," पंच म्हणाले. "बोला घड्याळजी. यातलं तुम्हालाच कळतं."

नुसतं 'हो' म्हटलं की करंडक! घड्याळजींचा घसा कोरडा पडला, तीन थर्मास पिऊनसुद्धा. त्यांनी वाकून घड्याळाला कान लावला. टिकटिक कशी स्वच्छ चालली होती! त्यांना रडू आलं आणि अभिमानही वाटला.

"एका सेकंदाचाही फरक नाही," ते ताठ होऊन म्हणाले. "मी स्वतः तेल घातलंय."

घरी आल्यावर त्यांनी सगळी हकिगत सांगितली, घड्याळाचा भाग दोनदा. "डाव गेला, पण पाटी राहिली!" असं ठणकावून त्यांनी उरलेलं अंडं सोललं आणि एका घासात खाल्लं.

मग बरबटलेला हात पुढे करून म्हणाले, "जरा रुमाल दे गं."

"खुंटीला आहे," बायको म्हणाली. "सकाळपासून."