तितरांची पट्टी

इंग्रज सरकारनं माझ्या आज्याला फसवलं आणि आत्ताच्या सरकारनं माझ्या चुलत्याला, म्हणजे आप्पाला. मी राहात्याच्या बाजारात शेळ्यांचा सौदा करतो. फसवणूक मला लांबून कळते.

आम्ही फासेपारधी. रानोमाळ फिरणारे लोक सुधारावेत म्हणून गोऱ्या साहेबानं आज्याला माळ दिला, लोखंडी नांगर दिला. माळावर चार बोटं माती, खाली मुरूम. त्या नांगराला आप्पा अजून ‘पाहुना’ म्हणतो. “बस म्हनलं, तर घरच घेतलं त्यानं.” तरी उन्हात ठेवत नाही. पाहुणाच तो.

बांधालगतची एक पट्टी मात्र आप्पानं कधीच नांगरली नाही. तिथल्या गवतात तितरं अंडी घालतात. अंड्यावरची मादी फाशात सापडली तर सोडून द्यायची, ही आमची रीत. शिकार कधीच बंद झाली, रीत आप्पाजवळ राहिली. ट्रॅक्टर पट्टीकडे सरकला की हा पुढ्यात आडवा पडतो.

“वळीव तिकडं. बाळंतीन हाय.”

मग कालवा आला, माळाला भाव आला आणि पाठोपाठ महसूल खात्याचे साहेब पाहणीला आले. आप्पानं त्यांना उभी ज्वारी दाखवायची सोडून कौतुकानं पट्टीवरच नेलं.

“ही पडीक का?”

“पडीक न्हाई सायेब, भरल्याली हाय. हळू बोला.”

साहेबांनी शर्तभंग लिहिला. जमीन कसायच्या अटीवर दिलेली. एक पट्टी कसली नाही म्हणून सगळा माळ सरकारजमा.

मी चिडून आप्पाला शिव्या घालायलाच गेलो. तो पट्टीकडेला बसून, तोंडाशी हात धरून तितराची साद घालत होता. याच सादेवर त्याचा पोरगा लहानपणी गवतातून धावत यायचा. पुढे सरकारनं त्याला सुधारायला आश्रमशाळेत नेलं. तिथं साद घातली की मार बसे. आता तो केडगावात मास्तर आहे, आडनाव बदललंय, इकडे फिरकत नाही.

आप्पाचं तोंड केडगावच्या वाटेकडे होतं. गवतातून उत्तर आलं.

“त्यो न्हाई,” आप्पा पुटपुटला. “ही तितरं हायेत.”

शिव्या द्यायला आलेला मी त्याच्याशेजारी बसलो.

सौदा मोडायचा तर दोन्हीकडून मोडतो. माळ घ्या, पाहुणाही घेऊन जा. आणि नेलेला पोरगा या गवतात परत आणून सोडा. जमत नसेल तर का जमत नाही, ते साहेबांनी आप्पासमोर उभं राहून सांगावं. हळू बोलून.